कात्री न लागलेलं कापड

आमच्या आईचा एक नियम होता: बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. हा नियम तिने पुण्याहून बरोबर आणला होता आणि परदेशी आल्यावर मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये त्याला आणखी धार आली होती. पुण्यात निदान कुणी आजारी असलं तर डबा घेऊन जायची मुभा असे. इथे तीही गेली. "त्यांना आवडेल की नाही कोण जाणे," एवढं म्हणून ती विषय संपवायची. शेजारी नाताळ असो, चिनी नववर्ष असो की ईद असो, आम्ही कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला हसून शुभेच्छा द्यायचो आणि आमच्या दाराची लोखंडी जाळी ओढून घ्यायचो. बाबा तिला डिवचायचे की, अगं, तू बोलावणं हातात आल्याशिवाय स्वतःच्या माहेरीही जायची नाहीस. आई म्हणायची, माहेरचं बोलावणं येतं तरी, तुमच्या बहिणीकडून तेही येत नाही. मग बाबा वर्तमानपत्र उघडायचे.

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये एक नायजेरियन कुटुंब राहत असे. टुंडे अंकल बाबांच्याच ऑफिसात, हार्बरफ्रंटला, जहाजांच्या दुरुस्तीचं काम बघायचे. फोलाके आंटी घरूनच मुलांच्या शिकवण्या घ्यायची. त्यांची मुलगी टोलू माझ्या वर्गात होती. टोलू आणि मी रोज शाळेतून एकत्र यायचो आणि आंटीचे क्लास संपेपर्यंत ती आमच्याकडे वरण-भात जेवून अभ्यास करायची. तिला मराठी चांगलं समजायचं, ती बोलायची मात्र इंग्लिशमध्ये आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला इथल्या लोकांसारखं 'लाह' लावून. मीही तशीच बोलायचे, म्हणून आई आम्हा दोघींना एकाच पट्टीने रागवायची.

त्या वर्षी टुंडे अंकलची आई आली. तिला सगळे इया म्हणत, त्यांच्या भाषेत इया म्हणजे आईच. उंच, रुंद हाडाची बाई, डोक्याला कापड असं बांधलेलं की दारातून येताना तिला वाकावं लागे. हातात काठी होती, पण ती टेकण्यापेक्षा दाखवायलाच जास्त वापरायची. तिचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. गावातल्या मोठ्या घरात ती आता एकटीच होती, आणि अंकलची फार इच्छा होती की आईने कायमचं इथेच राहावं. हे मला टोलूने सांगितलं. इयाने त्यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. नाताळ होऊ दे, मग बघू, असं म्हणून तिने एक खुर्ची त्यांच्या जाळीच्या आत मांडून घेतली आणि ती दिवसभर कॉरिडॉरकडे बघत बसू लागली.

तिने काय पाहिलं असेल ते आज माझ्या लक्षात येतं. माणसं लिफ्टमधून बाहेर येत, किल्ली काढत, आत जात. आमच्या समोरचे लिम अंकल, निवृत्त झालेले, एकटे, सकाळ-संध्याकाळ कुंड्यांना पाणी घालत आणि मान हलवून दार लावून घेत. आई ऑफिसातून, रॅफल्स प्लेसहून, एमआरटीच्या मेट्रोने आणि मग बसने दमून यायची, इयाला दुरून नमस्कार करायची आणि आत यायची. कुणी वाईट नव्हतं. सगळे फक्त एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून फार जपत होते.

इयाच्या गावचा नाताळ कसा असतो हे मी टोलूच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की तो मला पाठ झाला. नाताळच्या आधी इया बाजारात जाऊन कापड निवडते, साऱ्या घराला एकच. मुलगे, सुना, नातवंडं, दूरदूरच्या शहरांतून आलेले चुलते-पुतणे, सगळे त्याच कापडाचे कपडे शिवून घेतात. सकाळी चर्चमध्ये ढोल वाजतात, लोक बाकांमधल्या जागेत नाचतात. दुपारी अंगणात लाकडांवर मोठाली पातेली चढतात. टोमॅटो आणि लाल मिरचीचा भात, ज्याला ते जोलोफ म्हणतात, त्याच्या बुडाशी थोडा धूर लागलाच पाहिजे, नाहीतर तो नाताळचा भात नाही. बकरं असतं, तळलेली केळी असतात. आणि मुख्य म्हणजे कुणालाही बोलावलेलं नसतं. फाटक उघडं असतं, येणारे येतात. गावातले मुसलमानही येतात, कारण त्यांच्या ईदला इया न बोलावता जाऊन जेवून आलेली असते. बोलावून आणलेला माणूस म्हणजे पाहुणा, आपणहून आलेला तो आपला, असा तिचा हिशेब होता. म्हणजे बघा, एकाच कॉरिडॉरच्या एका टोकाला बोलावल्याशिवाय न जाणारी आमची आई आणि दुसऱ्या टोकाला मुद्दाम न बोलावणारी इया. आता हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता.

घाम फुटायचं कारण असं. फोनवर अंकलनी इयाला धीर द्यायला सांगून ठेवलं होतं की इथेही आमची खूप माणसं आहेत. त्या भरवशावर इया एक भली मोठी बॅग भरून नाताळचं कापड घेऊन आली होती. निळ्या जमिनीवर मोठाले नारिंगी पक्षी, कडक सुती कापड, घड्या घातलेले तागे. इथे येऊन पाहते तो घरात माणसं तीन. ती अंकलना काहीच बोलली नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं. मग एके दिवशी जेवताना तिने शांतपणे सांगून टाकलं की नाताळला नेहमीसारखं रांधायचं, फाटक उघडं ठेवायचं, एकालाही बोलवायचं नाही. संध्याकाळपर्यंत आपल्या पायाने कुणी आलं, तर हे घर आहे असं मी समजेन आणि राहीन. नाही आलं, तर ही नुसती झोपायची जागा आहे, माझं परतीचं तिकीट काढा. आणि एकदा गेले की मी पुन्हा यायची नाही.

टोलूने हे मला जिन्यात बसून सांगितलं. मी उठलेच, आईला सांगायला. तिने माझा फ्रॉक धरून मला खाली बसवलं. "तू सांगितलंस तर ते बोलावणंच झालं ना. चीटिंग होईल लाह. इया विचारणार, कुणी बोलावलं म्हणून. आणि तिच्याशी खोटं बोलता येत नाही, तू बघितलंयस तिला." मी बघितलं होतं. मी आईला सांगायला गेले नाही. पण मला आमची आई माहीत होती, बोलावल्याशिवाय ती जाणार नव्हती.

नाताळच्या आधी काही दिवस आंटीने डबाभर तळलेले चौकोनी तुकडे पाठवले. चिन-चिन म्हणतात त्याला. आईने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "शंकरपाळेच की हे. जायफळ जरा जास्त पडलंय." डबा रिकामा परत करायचा नाही हा आईचा दुसरा नियम, त्यामुळे तिने शनिवारी सकाळी शंकरपाळे करायला घेतले. त्याच दिवशी आंटी दारात आली. टोलू वर्षभर आमच्याकडे जेवते, त्याचं काहीतरी म्हणून तिने एक पिशवी आईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, फॉर ख्रिसमस. पुढे काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला ठाऊक होतं ती काय गिळून परत चालली होती ते. कापड द्यायला इयाने मोकळीक दिली होती, उरलेलंच आहे, दे कुणाला द्यायचं ते, पण ये असा शब्द तोंडून काढायचा नाही, अशी ताकीद होती.

आईने पिशवी उघडली. निळं कापड, नारिंगी पक्षी. तिने घडी उलगडली, एक टोक मला धरायला लावलं, दुसरं टोक घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत गेली. रुंदी अंगाला लावून पाहिली. आणि तिचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. "अगं, सहावारी साडी दिली त्यांनी! बघ ना, बरोबर साडीइतकी आहे. नाताळची साडी. मला वाटलं नव्हतं हो त्यांच्यात अशी पद्धत असेल." पदर वेगळा नाही, काठ नाहीत, ब्लाउजपीस नाही, या सगळ्याला तिने एकच उत्तर दिलं, त्यांच्यात नसेल. मला माहीत होतं की हे कापड शिंप्याकडे न्यायचं असतं. टोलूचा त्याच कापडाचा फ्रॉक शिवून तयारही झाला होता. पण साडी नव्हे असं सांगायला गेले असते तर मग काय आहे, कशासाठी आहे, हे सगळंच बाहेर आलं असतं. मी कापडाचं टोक धरून उभी राहिले. आई रविवारी लिटल इंडियात जाऊन त्याला फॉल-पिको करून आली. शिवणारा म्हणाला म्हणे, मॅडम, हे भलतंच कडक आहे. आई म्हणाली, धुतल्यावर होईल मऊ.

नाताळच्या दिवशी सकाळपासून कॉरिडॉरमध्ये मिरचीचा ठसका भरला होता. चर्चहून आल्याबरोबर त्यांनी जाळी सताड उघडी टाकली. टोलूचे मेसेज येत होते. इया खुर्चीत बसली आहे. भात झाला. लिम अंकल बाहेर आले. मेरी ख्रिसमस म्हणाले. आत गेले. कुरिअरवाला आला, पण तो वरच्या मजल्याचा निघाला. आमच्याकडे आई निवांत पोहे परतत होती आणि बाबा टीव्हीवर क्रिकेट बघत होते. मी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की बाबांनी विचारलं, पोटात दुखतंय का.

दुपार झाली. आईने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, त्यांचं चर्च आटोपलं असेल ना आता. मग ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर आली ती ती साडी नेसून. निऱ्या पुठ्ठ्यासारख्या ताठ उभ्या होत्या, पदर खांद्यावरून हटून बसत होता, पाठीवर एक मोठा नारिंगी पक्षी पंख पसरून होता. काळं ब्लाउज, केसात क्लिप, हातात शंकरपाळ्यांचा डबा. बाबा टीव्ही बंद करून बघतच राहिले. मग त्यांनी तिचंच हत्यार तिच्यावर चालवलं. बोलावलंय का, असं विचारलं. आईने पदर सावरला. "साडी दिलीये ना त्यांनी. नव्या साडीची घडी मोडली की देणाऱ्याला नेसून दाखवायची आणि मोठ्यांना नमस्कार करायचा. त्याला बोलावणं कसलं लागतंय? उठा, शर्ट घाला चांगला." त्या क्षणी मला आई जगातली सगळ्यात हुशार बाई वाटली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

कॉरिडॉर एरवी एवढासा, त्या दिवशी संपता संपेना. निऱ्यांचा करकर आवाज येत होता. उघड्या जाळीशी पोचल्यावर आधी टोलू दिसली, तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. आंटीच्या हातातला डाव तसाच राहिला. आई चपला काढून सरळ आत गेली, डबा खाली ठेवला आणि इयाच्या पायाशी वाकली. त्यांच्यातही लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे असतात हे आईला माहीत नव्हतं. इयाला मात्र तेवढंच दिसलं, की तिच्या कापडातली एक बाई तिच्यापुढे वाकली आहे. तिने काठी बाजूला ठेवली आणि इंग्लिशमध्ये, एकेक शब्द तोलून, विचारलं, "तुला कुणी बोलावलं?"

अंकल दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आई जरा गोंधळली. तिला वाटलं असणार, चुकलंच आपलं, यायला नको होतं. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. पण पुण्याची बाई खोटं बोलून सुटका करून घेत नाही. "कुणीच नाही बोलावलं," आई म्हणाली. "तुमची साडी नेसले, ती तुम्हाला दाखवावीशी वाटली. म्हणून आपली आले."

आंटीला राहवलं नाही, ती सांगू लागली की अगं, ते कापड तर शिवायचं होतं. इयाने हात वर करून तिला थांबवलं. मग ती खुर्चीचे हात धरून उठली आणि आईभोवती सावकाश फिरली. निऱ्या बोटांनी मोजल्यासारख्या चाचपल्या. पदराचं टोक हातात घेऊन ताग्याची किनार तपासली, तिच्यावर छापलेली कारखान्याची अक्षरं जिथली तिथे होती. "कात्री लावली नाही हिने," ती म्हणाली. पुढचं तिने त्यांच्या भाषेत सुनेला सांगितलं आणि टोलूने मला. इतकी वर्षं मी सगळ्यांना एक कापड देते, आणि शिंप्याकडे गेलं की प्रत्येकीचं वेगळं होतं, हिचा गळा असा, तिची बाही तशी. हिने माझं कापड अख्खं ठेवलं. एवढं सांगून इयाने बॅगेतला आणखी एक तागा काढून आईच्या हातात दिला, आणि काठीने आतली खोली दाखवली.

त्या दोघी आत बऱ्याच वेळ होत्या. आईच्या सेफ्टी पिनांची माळ तिच्या पर्समध्ये कायम असायची, ती त्या दिवशी सार्थकी लागली. आतून एकदा इयाचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. अंकल म्हणाले, वडील गेल्यापासून हे ऐकलं नव्हतं. दार उघडलं आणि इया बाहेर आली. साडी घोट्याच्या वर राहिली होती, पण डोक्याला तोच फेटा, अंगभर निळं, आणि ती चालत होती तीच मुळी नाचाच्या पावलाने. टोलूने स्पीकरचा आवाज वाढवला. इया नाचत उघड्या जाळीतून कॉरिडॉरमध्ये गेली, मागून आंटी, मागून अंकल, आणि मग, खरं सांगते, आमची आई. मी आईला त्याआधी मंगळागौरीलाही नाचताना पाहिलं नव्हतं.

आवाजाने लिम अंकलचं दार उघडलं. ते चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले की सकाळपासून या भाताचा वास येतोय, वेरी शिओक लाह, फारच झकास, झोप लागेना. कुणी त्यांना या म्हणालं नाही. ते घरातल्या चपलांतच आले आणि ताट घेऊन बसले. मग पलीकडची मलय बाई मुलांना घेऊन आली, तिला हलाल कोंबडीच चालायची, आणि ती आंटीने मुद्दाम हलाल दुकानातूनच आणलेली निघाली. आम्ही काय खाणार, असा प्रश्न मला पडला, कारण आमच्या घरी मांसमच्छी नाही. तर आंटीने शेगडीच्या मागून एक छोटा टोप काढला. त्यातला जोलोफ तिने वेगळा, मांसाच्या रसाशिवाय केला होता. सकाळी इयाने विचारलं होतं, हा कुणासाठी. कुणी आलं तर, एवढंच आंटी म्हणाली होती. बोलावता येत नव्हतं, म्हणून तिने रांधून ठेवलं होतं. आईने तो टोप पाहिला, आंटीकडे पाहिलं, आणि त्या दोघी तिथे गॅसपाशी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते मिरचीवर ढकललं नाही.

संध्याकाळी बुडाचा धुरकट भात खरवडायची वेळ आली तेव्हा तिकिटाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. अंकल भांड्यांचा ढीग घासत मोठमोठ्याने गात होते. इयाने खुर्ची जाळीच्या आतून उचलून बाहेर कॉरिडॉरमध्ये मांडायला लावली, आणि पुढची कित्येक वर्षं ती तिथेच होती. मी आता आईच्या त्या वयाच्या जवळ येऊन ठेपले आहे. माझ्या दाराची जाळी मी लावते तेव्हा ती खुर्ची आठवते आणि मी जाळी पुन्हा थोडी उघडते.

वर्षभर इया आईकडून साडी नेसायला शिकली. समोरासमोर उभं राहून, आई करील तसं करत. त्यामुळे आईचा पदर डाव्या खांद्यावर तर इयाचा उजव्या. आईने किती वेळा सांगितलं, इयाने मान हलवून तेच केलं. पुढच्या नाताळला अंकलना रजा मिळाली आणि ते सगळे गावी गेले, इया कापड निवडायला महिनाभर आधीच. आमची साडी तिने टपालाने पाठवली. हिरवी, पांढऱ्या शंखांची. आई ती नेसून लिम अंकलकडे गेली, अर्थातच न बोलावता.

दुपारी टोलूचा फोटो आला. अंगणभर बायका, म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोरं घेतलेल्या, सगळ्या हिरव्या कापडात, आणि सगळ्यांना इयाने म्हणे स्वतःच्या हाताने त्याच्या साड्या नेसवलेल्या. एकाही कापडाला कात्री लागलेली नव्हती. मध्ये खुर्चीत इया, काठी आडवी धरून. आईने फोटो मोठा करून एकेकीवरून बोट फिरवलं. बाबांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, अगं, यांचे झाडून सगळ्यांचे पदर उलट्या खांद्यावर आहेत, कळव त्यांना.

आईने फोन छातीशी धरला. "काही उलटे नाहीत," ती म्हणाली. "आमच्या घरात नाताळला असाच पदर घेतात."